एकोणचाळीस दिवसांचा उशीर : कोरल गेबल्सची थर्माकोलबंदी

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामीत कॉफीच्या खिडकीवर 'कोलाडा' मागितला की थर्माकोलच्या पेल्यात कडक, गोड क्युबन कॉफी येते आणि सोबत अंगठ्याएवढे चारपाच रिकामे कप. एकाने विकत घ्यायचा, ऑफिसात नेऊन सगळ्यांना घोटघोट वाटायचा. आपल्याकडे दोन कटिंग तिघांत होतात, तसाच प्रकार. पेला थर्माकोलचाच असतो, कारण कॉफी गरम राहते, हात भाजत नाही आणि पेला स्वस्त पडतो. दुपारच्या जेवणाचा पार्सल डबाही बहुतेक वेळा त्याचाच.

या पेल्याला हद्दपार करायला निघालेले शहर म्हणजे मायामीला खेटून असलेले कोरल गेबल्स. जॉर्ज मेरिक नावाच्या जमीन-विकासकाने आखलेले हे गाव १९२५ मध्ये रीतसर शहर झाले. आज वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. वडाची झाडे, भूमध्यसागरी धाटणीची घरे, आणि पुढे बिस्केन उपसागराला जाऊन मिळणारे कालवे. नियम करण्याची या शहराला जुनी हौस. घराला रंग कोणता द्यायचा हेही शहर ठरवते, आणि रात्री घरासमोर पिकअप ट्रक उभा करायला इथे कित्येक वर्षे मनाई होती. त्या मनाईवरून कोर्टकचेरी झाली आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. थर्माकोलच्या वेळी हे शहर इतक्या ठामपणे का उभे राहिले, याचे थोडे उत्तर या स्वभावात आहे. 'आमच्या हद्दीत आम्ही ठरवू' ही त्यांची सवय होती, आणि आधी ती कोर्टात टिकलीही होती.

इथे एक खुलासा करायला हवा. अमेरिकी शहराचा 'ऑर्डिनन्स' म्हणजे वटहुकूम नव्हे. निवडून आलेल्या परिषदेने मंजूर केलेला तो स्थानिक कायदा असतो, आपल्या उपविधीला जवळचा. अधिकाराची मांडणी मात्र आपल्या उलट आहे. आपल्या महापालिकेला राज्याच्या कायद्याने जेवढे दिले तेवढेच अधिकार. फ्लोरिडात १९६८ ची राज्यघटना आणि १९७३ चा एक कायदा मिळून सांगतात की राज्याने मनाई केलेली नसेल ते सगळे शहराला करता येते. यालाच तिकडे 'होम रूल' म्हणतात. अडचण दडलेली असते ती 'मनाई केलेली नसेल' या शब्दांत. राज्य विधिमंडळ कधीही म्हणू शकते की हा विषय आता आमच्याकडे राखीव. त्याला 'प्रीएम्प्शन' म्हणतात. या लेखात मी 'विषय राखून घेणे' असे म्हणेन.

खटल्यातला दुकानदार, दोन्ही बाजूंचे वकील आणि शहराचे अधिकारी यांची नावे इथे घेतलेली नाहीत. सार्वजनिक नोंदीतली शहरे, संस्था, कायदे आणि तारखा मात्र तशाच ठेवल्या आहेत.

अडचण

थर्माकोल, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, हे बहुतांशी हवाच असते. त्यामुळे हलके. वाऱ्याने उडते, पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जाते, गटारातून कालव्यात आणि कालव्यातून समुद्रात. कुजत नाही, पण चुरा मात्र होतो, आणि पांढरे दाणे पाण्यावर तरंगू लागले की वेचून काढणे जवळजवळ अशक्य. तेलकट, खरकटे डबे पुन्हा वापरात आणायला कोणी घेत नाही, आणि धुऊन घेतले तरी हवा वाहून नेण्याचा खर्च परवडत नाही. कालव्यांच्या शहराला हे रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

शेजारी आधीच हललेले होते. उपसागरापलीकडच्या मायामी बीचने २०१४ पासून पायरीपायरीने सुरुवात केली होती. आधी शहराच्या मालकीच्या जागांपुरते निर्बंध आणले, मग २०१५ मध्ये ते वाढवून दुकानांपर्यंत नेले.

राज्याच्या कायद्यात तोपर्यंत दोन जुन्या अडचणी पडून होत्या. पहिली १९७४ ची. राज्यात विकल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनावर त्या वर्षीच्या १ मार्चनंतर कोणत्याही सरकारी नियमाने वा स्थानिक कायद्याने बंधन घालता येणार नाही, असे एक कलम घनकचऱ्याच्या कायद्यात होते. दुसरी २००८ ची. पर्यावरण खात्याने प्लास्टिक पिशव्या, वेष्टने आणि तत्सम डब्यांच्या नियमनाचा अभ्यास करून अहवाल द्यावा, आणि विधिमंडळ त्या शिफारशी स्वीकारेपर्यंत कोणत्याही शहराने या विषयात हात घालू नये, असे ते कलम. अहवाल २०१० मध्ये आला. विधिमंडळाने शिफारशी स्वीकारल्या नाहीत. 'तोपर्यंत थांबा' मधला 'तोपर्यंत' कधी संपलाच नाही. सरकारी फायलींशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही या दोन कलमांत पॉलिस्टायरीन हा शब्द नव्हता. ती थर्माकोलच्या डब्याला लागू होतात की नाही यावर वाद घालता येत होता, आणि तेवढ्या फटीतून शहरे आत शिरत होती. फट बुजणार होती २०१६ मध्ये.

समोरचे पर्याय

२०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या सुरुवातीला शहरासमोर साधारण तीन वाटा होत्या.

पहिली, फक्त स्वतःच्या अंगणापुरता नियम. शहराची उद्याने, शहराने परवानगी दिलेले मेळे, शहराशी करार केलेले ठेकेदार, एवढ्यांपुरतीच थर्माकोलला मनाई. इथे शहर जागामालक आणि गिऱ्हाईक म्हणून बोलते, त्यामुळे कोर्टात फारसे आव्हान मिळत नाही. परिणाम मात्र थोडा. कॉफीच्या खिडकीवरचा पेला तसाच राहतो.

दुसरी, दुकाने आणि उपाहारगृहे यांच्यासह पूर्ण बंदी. परिणाम मोठा, धोकाही मोठा. व्यापाऱ्यांची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. शहराची उत्तर हद्द बऱ्याच भागात आठव्या रस्त्यावरून जाते. रस्त्याच्या एका बाजूला थर्माकोलला दंड आणि पलीकडे खुशाल वापरा, अशी स्थिती. ज्याची चार शहरांत चार दुकाने आहेत त्याला प्रत्येक ठिकाणी वेगळा डबा ठेवावा लागणार, आणि कागदी किंवा उसाच्या चिपाडाचा डबा थर्माकोलपेक्षा महाग. मोठ्या साखळीला हे डोईजड नाही, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला आहे. 'शंभर गावांचे शंभर नियम नकोत' हा व्यापाऱ्यांचा मुद्दा त्यामुळे निव्वळ बहाणा नव्हता. फक्त त्या मुद्द्याचे उत्तर राज्यभर एकच नियम करणे हे असू शकते. राज्याने काय केले ते पुढे येईल.

तिसरी वाट थांबण्याची. विधिमंडळाचे अधिवेशन १२ जानेवारी २०१६ ला सुरू होऊन ११ मार्चला संपणार होते. ते काय करते ते पाहू आणि मग ठरवू.

शहराने दुसरी वाट धरली. ९ फेब्रुवारी २०१६ ला पाच सदस्यांच्या सिटी कमिशनने, म्हणजे निवडून आलेल्या शहर परिषदेने, थर्माकोलबंदीचा कायदा मंजूर केला. अधिवेशन तेव्हा ऐन भरात होते.

हा या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. थांबून काही हाती लागले नसते हे उघड आहे. राज्याने दार बंद करायच्या आत आत शिरणे हा शहाणपणाचा हिशेब होता. चूक झाली असेल तर ती अंदाजात. दार बंद होण्याची तारीख पुढची असेल असे शहराने धरले, पण विधिमंडळाने ती मागची घातली.

काय घडले

त्याच अधिवेशनात शेतीविषयक तरतुदींच्या एका जाडजूड विधेयकात एक छोटे कलम बसवले गेले. फ्लोरिडाच्या अन्नविषयक कायद्यातले कलम ५००.९०. या कायद्याखाली येणाऱ्या व्यवसायांनी पॉलिस्टायरीनच्या वस्तू वापरणे वा विकणे यांचे नियमन राज्याच्या कृषी व ग्राहक सेवा खात्याकडे राखीव, असे ते म्हणते. पुढे दोन सवलती. १ जानेवारी २०१६ पूर्वी झालेल्या स्थानिक कायद्यांना हात लागणार नाही. आणि सार्वजनिक जागेवरच्या व्यक्ती, सार्वजनिक जागेवरचे तात्पुरते विक्रेते व शहराशी करार असलेले पुरवठादार यांच्यावर बंधने घालण्याचा शहराचा अधिकार कायम राहील. गव्हर्नर रिक स्कॉट यांची सही झाली आणि १ जुलै २०१६ पासून कलम लागू झाले.

१ जानेवारी ते ९ फेब्रुवारी म्हणजे एकोणचाळीस दिवस. मायामी बीचची बंदी २०१५ ची, म्हणून ती वाचली. कोरल गेबल्सची बुडाली. उपसागर एकच, कचरा एकच, पेलाही एकच.

आता दुसरा निर्णयबिंदू. राज्याचा कायदा झाल्यावर शहर आपला कायदा मागे घेऊ शकत होते, किंवा तो कागदावर ठेवून अंमलबजावणी न करता गप्प बसू शकत होते. शहराने दोन्ही नाकारले. त्याच उन्हाळ्यात राज्यातल्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना, फ्लोरिडा रिटेल फेडरेशन, आणि शहरातला एक किराणा दुकानदार कोर्टात गेले. शहराने बचाव म्हणून थेट राज्याच्या कायद्यावरच चाल केली. १९७४, २००८ आणि २०१६ ही तिन्ही कलमे राज्यघटनेत बसत नाहीत, असे शहराचे म्हणणे.

हा डाव धाडसी होता. 'आमचा कायदा तुमच्या कलमात येत नाही' असे म्हणणे सोपे, कारण त्यात फक्त शब्दांचा अर्थ लावायचा असतो. 'तुमचे कलमच घटनाबाह्य' हे सिद्ध करायला डोंगर फोडावा लागतो. कलम ५००.९० इतके नेमके लिहिलेले होते की सोपी वाट फारशी उरलीही नव्हती. एक बारीक फट होती. ते कलम फक्त अन्नविषयक कायद्याखालच्या व्यवसायांबद्दल बोलते, म्हणजे मुख्यतः किराणा दुकाने आणि सुपरमार्केट. उपाहारगृहांचे परवाने दुसऱ्याच खात्याकडे, दुसऱ्याच कायद्याखाली. पण तिथे २००८ चे कलम आडवे येत होते. एक दार उघडे दिसले तरी दुसऱ्याला कुलूप.

२०१७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मायामी-डेड काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सर्किट कोर्टाचे न्यायाधीश होर्हे क्वेटो यांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. तिन्ही कलमे त्यांनी घटनाबाह्य ठरवली. राज्यभरातल्या पर्यावरणवाद्यांना आनंद झाला, आणि शहराला हुरूप आला. त्याच वर्षी मे महिन्यात कोरल गेबल्सने दुकानांतल्या प्लास्टिक पिशव्यांवरही बंदी घातली. फ्लोरिडातल्या शहरांत असे करणारे ते पहिलेच.

हा तिसरा निर्णयबिंदू. इथे माझे मत शहराच्या विरोधात जाते. हातात होता खालच्या कोर्टाचा निकाल, अपील ठरलेले. २००८ चे कलम तर प्लास्टिक पिशव्यांचे नाव घेऊनच लिहिलेले होते. थर्माकोलच्या बाबतीत निदान शब्दावर वाद होता, पिशवीच्या बाबतीत तोही नाही. म्हणजे शहराने दुसरा मजला बांधायला घेतला तेव्हा पहिल्या मजल्याचा पाया अजून ओलाच होता. वर्षभराने टेक्सासमधून इशाराही आला. जून २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लारेडो शहराची पिशवीबंदी रद्द केली. कारण तेच: राज्याच्या घनकचरा कायद्याने हा विषय आधीच राखून घेतलेला आहे. टेक्सासचा निकाल फ्लोरिडाला बांधील नाही, पण वारा कुठून वाहतो आहे ते कळत होते.

निकाल

१४ ऑगस्ट २०१९ ला तिसऱ्या जिल्हा अपील न्यायालयाने खालचा निकाल उलटवला. राज्याची कलमे घटनेत बसतात, विषय राज्याने राखून घेतला आहे, आणि म्हणून शहराची थर्माकोलबंदी टिकत नाही. हाच निकाल शेवटचा ठरला.

त्या निकालपत्रात मासे, कासवे, कालवे शोधायला जाऊ नये. थर्माकोल चांगले की वाईट हा प्रश्न कोर्टासमोर नव्हताच. प्रश्न होता ठरवायचे कोणी. साडेतीन वर्षे शहरात ज्या कारणासाठी बंदीची बाजू मांडली गेली, ते कारण खटल्यात कुठेच लागू पडत नव्हते. चळवळीतल्या माणसांना ही गोष्ट सगळ्यात जास्त बोचते.

फ्लोरिडातली एक पद्धत इथे लक्षात घ्यायला हवी. सर्किट कोर्टाचा निकाल त्या खटल्यापुरता असतो. अपील न्यायालयाचा निकाल मात्र, दुसऱ्या अपील न्यायालयाने उलट काही म्हटलेले नसेल तर, राज्यभरातल्या सगळ्या खालच्या कोर्टांना पाळावा लागतो. म्हणजे कोरल गेबल्स जिंकले तेव्हा ते एकटेच जिंकले होते, आणि हरले तेव्हा सगळी शहरे हरली. गेन्सव्हिलने २०१९ च्या सुरुवातीला पिशव्या आणि थर्माकोल दोन्हींवर बंदी आणली होती. त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली.

भीती वाढवणारी आणखी एक गोष्ट त्याच उन्हाळ्यात आली. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार, राज्याने राखून घेतलेल्या विषयात शहराने कायदा केला आणि त्याला यशस्वी आव्हान मिळाले, तर वकिलांचा खर्च शहराच्या माथी. छोट्या गावाच्या कमिशनरला आता ठरावाला हात वर करण्याआधी गावाची तिजोरी पाहावी लागणार.

आणि राज्याने राखून घेतलेल्या अधिकाराचे काय केले? शहर कोर्टात झगडत होते त्या २०१६ ते २०१९ च्या काळात कृषी खात्याने राज्यभर थर्माकोल बंद करणारा नियम केला नाही. 'सगळीकडे एकच नियम हवा' या व्यापाऱ्यांच्या मुद्द्याचे उत्तर प्रत्यक्षात 'कुठेच नियम नको' असे निघाले. विषय राखून घेणे हे वाईटच असे मला वाटत नाही. २०१९ मध्येच मेन आणि मेरीलँड या राज्यांनी राज्यपातळीवरून थर्माकोलच्या डब्यांवर बंदीचे कायदे केले. आपल्याकडेही २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली ती राज्यभर, एकाच अधिसूचनेने. अंमलबजावणीचे काय झाले हा वेगळा विषय, पण पुण्यात बंद आणि पिंपरीत चालू असा गोंधळ कागदावर तरी नव्हता. फ्लोरिडात खुर्ची राखून ठेवली गेली, तिच्यावर बसले मात्र कोणी नाही.

त्या वर्षीची एक विसंगती सांगण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी घालण्यापासून शहरांना पाच वर्षे रोखणारे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले होते. मे २०१९ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठवले. त्यामुळे पेल्यातली स्ट्रॉ बंद करण्याची मुभा शहराला राहिली. खुद्द पेल्याला मात्र हात लावता येत नव्हता.

वेगळे काय करता आले असते

उघड उत्तर 'दोन महिने आधी मंजूर करायला हवे होते' असे आहे. ते खरे असले तरी फार उपयोगाचे नाही. १ जानेवारी ही तारीख मागाहून ठरली. शहराने डिसेंबरात कायदा केला असता तर विधिमंडळाने १ डिसेंबर लिहिले नसते याची खात्री कोण देणार? विधिमंडळाला तारीख मागे नेता येत असेल तर तिच्याशी शर्यत लावून उपयोग नाही.

खरी संधी कायद्याच्या बांधणीत होती. शहराची जागा, शहराचे कार्यक्रम, शहराचे ठेके यांच्यासाठी एक स्वतंत्र कायदा आणि खाजगी दुकानांसाठी दुसरा, असे दोन वेगळे कागद केले असते, तर पहिल्याला वादाची झळ लागली नसती. कलम ५००.९० ने तो अधिकार शहराकडे स्पष्ट शब्दांत ठेवलाच होता. मायामी बीचने पायरीपायरीने जाताना नेमके हेच आधी केले होते. वाचलेला भाग किरकोळ वाटतो, पण उद्याने, रस्त्यावरचे मेळे, पालिकेची कँटीन यांची वर्षाची खरेदी मोजली तर पुरवठादाराला पर्यायी डबे आणून ठेवायला भाग पाडण्याइतकी ती निश्चित भरते. आणि डबे गोदामात आले की शेजारच्या दुकानदारालाही ते स्वस्त पडू लागतात.

पिशवीबंदीबद्दल वर लिहिलेच आहे. अपील संपेपर्यंत थांबायला हवे होते.

तिसरी गोष्ट जरा अवघड. शहराने ही लढाई एकट्याने लढली. किनाऱ्यावरच्या अनेक शहरांना हाच त्रास होता, पण विधिमंडळात कलम बसत होते तेव्हा सगळ्यांनी मिळून राज्यभरासाठी किमान नियमाची मागणी करण्याऐवजी, प्रत्येक शहराला आपापली तटबंदी प्यारी होती. व्यापाऱ्यांची संघटना मात्र राज्याच्या पातळीवर एक होती आणि तिला ठाऊक होते की ही लढाई टॅलहासीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, जिंकायची असते, शहराच्या सभागृहात नाही. राजधानीत शहरांचा आवाज क्षीण आणि व्यापाऱ्यांचा खणखणीत, हे गणित बदलल्याशिवाय कोणतेही कलम कितीही चांगले लिहून उपयोग नव्हता.

शहराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. खटला न लढता कायदा मागे घेतला असता, तर २००८ च्या 'तोपर्यंत थांबा' वर कोणी न्यायाधीशासमोर प्रश्न विचारला नसता. शहर हरले, पण त्या कलमाची गोष्ट नोंदीवर आली आणि अनेक नागरिकांना पहिल्यांदाच कळले की आपल्या नगरसेवकाला पेला बंद करायचा अधिकार नाही.

बंदी गेल्यानंतर थर्माकोल ठेवायचे की नाही ते दुकानदाराच्या मर्जीवर राहिले. ज्यांनी कागदी डबे सुरू केले होते त्यांना परत थर्माकोलकडे वळायची सक्ती नव्हती, आणि शहराला आपल्या मेळ्याच्या परवान्यात थर्माकोल नको अशी अट आजही घालता येते. कलम ५००.९० मधले ते दुसरे वाक्य अजून तिथेच आहे.